अंगणातील देशी गवते

वैशाख महिन्यात भिलाई नगराच्या कुरुद भागातून जाणाऱ्या माणसास रस्त्याच्या कडेने आणि मोकळ्या भूखंडांवर गवताचे पिवळे, ताठर ठोंब उभे असलेले दिसतात. पारा ४४-४५ अंशांच्या आसपास गेलेला असतो. पाते हाती धरले तर ते कुरकुरीत मोडते. ‘हे गवत मेले’, असे सहजच तोंडून निघून जाते. असा ठोंब घराच्या अंगणात असेल, तर घरधनी कुदळ घेऊन तो मुळासकट उपटतो आणि त्या जागी बाजारातून आणलेली हिरवळ किंवा परदेशी शोभेचे झाड लावतो. पुढे त्या झाडाला रोज पाणी घालता घालता त्याची दमछाक होते.

या सर्व खटाटोपाच्या मुळाशी एक साधा गैरसमज आहे. वाळलेले गवत म्हणजे मेलेले गवत नव्हे. ते झोपलेले असते. हा भेद ज्यास कळला, त्यास आपल्या अंगणात देशी गवताची बाग करणे कठीण जाणार नाही. तो भेद काय आहे, आणि त्याच्या आधारे अशी बाग कशी करावी, हे या पुस्तिकेत सांगावयाचे आहे.

कुरुदचा निसर्ग

आपण ज्या कुरुदविषयी बोलत आहोत ते दुर्ग जिल्ह्यातील, भिलाईचे कुरुद होय. धमतरी जिल्ह्यातही याच नावाचे गाव आहे, ते निराळे. भिलाईचा पोलाद कारखाना सोव्हिएत संघाच्या साहाय्याने उभा राहिला आणि त्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली. तेव्हापासून शेते आणि माळ यांच्या जागी वसाहती येत गेल्या. देशाच्या सर्व भागांतून येथे माणसे आली व त्यांत मराठी कुटुंबेही होती. नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेमुळे अठराव्या शतकापासून छत्तीसगढाशी मराठी माणसाचा संबंध होताच.

या प्रदेशात वर्षाकाठी सुमारे १,१०० ते १,२०० मिलिमीटर पाऊस पडतो. त्याचा फार मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडून जातो. उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे असतात. येथील शेतकऱ्यांनी जमिनीचे चार मुख्य प्रकार फार पूर्वीपासून ओळखले आहेत. काळी, चिकट व पाणी धरून ठेवणारी ती कन्हार. पिवळसर, भाताला उपयोगी ती मटासी. या दोहोंमधली ती डोरसा. आणि लालसर, खडेमिश्रित, उथळ व पाणी न टिकणारी ती भाठा. घर बांधताना पुष्कळदा मुरमाचा भराव घातला जातो. त्यामुळे मूळची जमीन कोणतीही असली तरी अंगण मात्र बहुधा भाठ्यासारखेच होऊन बसते.

चार महिने विपुल पाणी, आठ महिने कोरड आणि खाली खडकाळ माती, ही परिस्थिती हिरवळीस प्रतिकूल आहे. परंतु मध्य भारतातील देशी गवते हजारो वर्षे याच परिस्थितीत वाढली आहेत. भारतातील गवताळ प्रदेशांची पाहणी करून दबडघाव आणि शंकरनारायण या शास्त्रज्ञांनी १९७३ साली त्यांचे पाच मुख्य प्रकार सांगितले. त्यांपैकी दक्षिण व मध्य भारताच्या पठारी भागातील प्रकाराला त्यांनी शेडा आणि मारवेल या गवतांच्या शास्त्रीय प्रजातिनामांवरून नाव दिले. तेव्हा ही दोन गवते कुरुदच्या अंगणात लावणे म्हणजे पाहुण्यास बोलावणे नव्हे. घरच्या माणसास परत घरी आणणे होय.

गवताची घडण

गवतांचे कुल फार मोठे आहे. जगात त्याच्या अकरा हजारांहून अधिक जाती आहेत. भात, गहू, ज्वारी, ऊस आणि बांबू ही सर्व गवतेच होत. पेरे असलेली कांडी, कांडीस वेढून वर जाणारा पानाचा कोष आणि त्यापुढे लांबट पाते, अशी त्यांची ठेवण असते. फुलांना रंगीत पाकळ्या नसतात, कारण परागकण वाऱ्याने वाहून नेले जातात आणि कीटकांना बोलावण्याची गरज पडत नाही. गवताचे सौंदर्य रंगापेक्षा रेषेत आणि हालचालीत असते. तुऱ्यावर पडलेले दव, तिरप्या उन्हात चमकणारी लव आणि वाऱ्याबरोबर झुकणारी पाती यांत ते शोधावे लागते.

झाडाची वाढ फांदीच्या शेंड्याशी होते. म्हणून शेंडा खुडला की ती फांदी खुंटते. गवताचे तसे नाही. त्याच्या पात्याची वाढ पात्याच्या बुडाशी होते, आणि नवे फुटवे जमिनीलगतच्या, कोषांनी झाकलेल्या कळ्यांतून निघतात. गाईने वरचे पाते खाल्ले, विळ्याने कापले किंवा उन्हाने करपवले, तरी वाढीचे स्थान खाली सुरक्षित राहते. पाणी संपू लागले की बहुवर्षायू गवत पात्यांतील सत्त्व खाली बुंध्यात व मुळांत ओढून घेते आणि पाती वाळू देते. एखाद्या शहाण्या गृहस्थाने टंचाईच्या काळात बाहेरच्या खोल्या बंद करून आतल्या एका खोलीत राहावे, तसाच हा प्रकार आहे.

याची परीक्षा कोणासही करता येईल. वैशाखात वाळलेल्या ठोंबातला एकच फुटवा बुडापासून हलकेच काढावा आणि नखाने त्याचे कोष एकामागून एक सोलावेत. आतला गाभा पांढरट किंवा हिरवट व ओलसर लागला तर ठोंब जिवंत आहे असे समजावे. तो तपकिरी असेल व बोटांत भुगा होत असेल तरच तो फुटवा मेला आहे. तरीही संपूर्ण ठोंबाविषयी निर्णय पहिल्या दोन-तीन चांगल्या पावसांनंतरच करावा.

उन्हाशी करार

येथील बहुतेक माळरानी गवतांजवळ आणखी एक युक्ती आहे. वनस्पती हवेतील कर्बद्विप्राणिल वायू पानाच्या रंध्रांतून आत घेतात. परंतु रंध्रे उघडली की पाण्याची वाफही बाहेर निसटते. शिवाय तापमान वाढले की वायू पकडणारे द्रव्य चुकून प्राणवायूच पकडू लागते, आणि केलेले काम पुष्कळसे वाया जाते. हवाई बेटांवर कोर्टशाक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली उसाविषयी, आणि ऑस्ट्रेलियात हॅच व स्लॅक यांनी १९६६ साली अधिक विस्ताराने असे दाखवले की, काही गवते हा वायू प्रथम चार कर्बअणूंच्या संयुगात बांधतात व शिरांभोवतीच्या पेशींत नेऊन तेथे त्याचा साठा दाट करतात. त्यामुळे रंध्रे थोडी उघडूनही त्यांचे काम भागते आणि पाण्याची बचत होते. ऊस, ज्वारी, मारवेल, शेडा, कुसळी, रोशा आणि वाळा ही सर्व या गटातील होत. छत्तीसगढाची ओळख असलेल्या भातापाशी मात्र ही युक्ती नाही.

बागेच्या दृष्टीने याचा अर्थ काय होतो ते हिशेबाने पाहू. एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर. ५० चौरस मीटरांच्या हिरवळीस उन्हाळ्यात रोज ५ मिलिमीटर पाणी द्यावयाचे ठरवले, तर रोज २५० लिटर आणि १०० दिवसांत २५,००० लिटर पाणी लागेल. त्याच जागेवर पावसाळा आपणहून सुमारे ५५,००० लिटर पाणी ओतून जातो. मुळे धरलेली देशी गवते एवढ्यावर वर्ष काढतात. ज्या गावात उन्हाळ्यात पाण्यासाठी रांगा लागतात, तेथे हा हिशेब केवळ हौसेचा राहत नाही.

कोणते गवत कोठे लावावे

निवड करण्यापूर्वी अंगणात ३० सेंटिमीटर खोल खड्डा खणून पाण्याने भरावा. पाणी एक-दोन तासांत जिरले तर जमीन निचऱ्याची आहे. दुसऱ्या दिवशीही साचून राहिले तर ती जड आहे. जागेला दिवसातून निदान सहा तास ऊन मिळावे. दाट सावलीत पुढील गवते रोडावतात व लोळतात.

मारवेल: डोरसा किंवा मटासी जमिनीत उत्तम. उंची ६० ते १०० सेंटिमीटर. पेरांवर पांढऱ्या लवेचे कडे असते, त्यावरून ते झटकन ओळखता येते. बोटांसारख्या पसरलेल्या जांभळट कणसांचा त्याचा तुरा नाजूक दिसतो. हे गवत चाऱ्यासाठी प्रसिद्ध असून राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने त्याचे सुधारित वाणही तयार केले आहेत.

शेडा: मुरमाड, निचऱ्याच्या जागी लावावा. ठोंब ताठ, उंची सुमारे एक मीटर. प्रत्येक कांडीच्या टोकास एकच कणीस येते. आश्विनानंतर संपूर्ण ठोंबास तांबूस-सोनेरी झाक चढते. तेव्हा तो सकाळच्या उन्हात पाहावा.

डोंगरी गवत: भाठा जमिनीतही तग धरते. तुऱ्यातील प्रत्येक कणिशकाच्या बुडाशी सोनेरी-तपकिरी केसांचा झुबका असतो. कुंपणालगत ओळीने लावल्यास फार शोभते.

रोशा गवत: उंची दोन मीटरांपर्यंत किंवा अधिक. पाने चुरगाळताच गुलाबासारखा गंध येतो. याच्या तेलाचा व्यापार निमाड व खानदेशातून एके काळी मोठा होता. मुंबईमार्गे ते तुर्कस्तानात जाई व तेथे गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई. या गवताला उत्तम निचरा हवा. साचलेल्या पाण्यात ते कुजते.

वाळा: न्हाणीघराचे पाणी जेथे वाहते तेथे, किंवा जेथे माती धुपून जाते अशा उतारावर लावावा. त्याची सुगंधी मुळे आडवी न पसरता सरळ खाली उतरतात व अनुकूल जमिनीत तीन-चार मीटर खोल जातात. म्हणूनच बांध धरून ठेवण्यासाठी त्याच्यासारखे दुसरे गवत क्वचितच असेल. कर्नाटकातील शेतकरी शेताच्या सीमेवर तो लावीत. ती रीत पाहून १९८० नंतरच्या दशकात जागतिक बँकेच्या कृषितज्ज्ञांनी तिचा प्रसार अनेक देशांत केला. वाळ्याचे ओले पडदे खिडकीवर लावून घर थंड करण्याची आपली चाल तर सर्वांच्या परिचयाची आहे.

रानजोंधळा: ओलसर जागी येतो. त्याच्या टणक, चकचकीत, करड्या-पांढऱ्या मण्यांना निसर्गतःच आरपार भोक असते, त्यामुळे त्यांच्या माळा ओवता येतात. शाळेच्या बागेस हे गवत अवश्य असावे.

दोन गवतांविषयी सावधगिरी बाळगली पाहिजे. पहिले कुसळी. तिची तांबूस कुसळे सुंदर दिसतात, परंतु ती कपड्यांत, गुरांच्या तोंडात व मुलांच्या पायांत रुततात. ती वाटेपासून दूर लावावी आणि कुसळे पिकण्याआधी कापावी. दुसरे कांस, म्हणजे संस्कृत काव्यातील काश. शरद ऋतूत नदीकाठी त्याचे रुपेरी तुरे पाहून डोळे निवतात. परंतु त्याची भूमिगत खोडे शेतात शिरली की काढता काढत नाहीत. भातशेताजवळच्या घरी ते लावूच नये. त्याचे दर्शन नदीकाठीच घ्यावे.

मात्र कांसाला केवळ उपद्रवी म्हणून सोडून देणे हा अन्याय होईल. कोइमतूर येथे १९१२ साली ऊस-संशोधन केंद्र स्थापन झाले. तेथे बार्बर व वेंकटरामन या शास्त्रज्ञांनी गोड उसाचा या रानटी कांसाशी संकर करून ‘को २०५’ हा काटक ऊस निर्माण केला, आणि उत्तर भारतातील ऊसशेतीचे रूप पालटले. आज ज्यास आपण तण म्हणतो, त्याच्या अंगी उद्याची कोणती गरज भागवण्याचे सामर्थ्य आहे हे आधी सांगता येत नाही.

लागवड

बियांपासून किंवा ठोंब फोडून, अशा दोन्ही प्रकारे लागवड होते. बी साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, कणीस हाताने ओढताच सुटून येऊ लागले म्हणजे गोळा करावे. पुष्कळ रानगवतांचे ताजे बी लगेच रुजत नाही. त्यास काही महिने विश्रांती लागते. ते कागदी पिशवीत, कोरड्या जागी ठेवून पहिल्या चांगल्या पावसानंतर पेरावे. बी खोल गाडू नये. बारीक मातीचा पातळ थर पुरे.

ठोंब फोडण्याचे काम आषाढ-श्रावणात करावे. पाती १५ सेंटिमीटर ठेवून कापावीत, ठोंब उकरावा आणि प्रत्येक तुकड्यास दोन-तीन फुटवे व पुरेशी मुळे राहतील अशा बेताने तो विभागावा. मारवेल व शेडा यांत ३० ते ४५ सेंटिमीटर, वाळा व रोशा यांत ६० सेंटिमीटर अंतर ठेवावे. बांध धरण्यासाठी वाळा लावावयाचा असेल तर १५ सेंटिमीटर अंतर पुरे. पावसाने ओढ दिल्यास पहिला महिनाभर पाणी द्यावे. पहिल्या उन्हाळ्यात मुळे अजून खोल गेलेली नसतात, म्हणून पंधरवड्यातून एकदा ओल द्यावी. दुसऱ्या वर्षापासून त्याचीही गरज राहत नाही. खत घालण्याचा मोह टाळावा. अधिक नत्राने गवत माजते व आडवे पडते.

रोपे मिळवण्यासाठी जंगल उकरू नये. बांधकामासाठी ज्या भूखंडावरील गवत काढलेच जाणार आहे, तेथील दोन-चार ठोंब मालकाच्या परवानगीने आणावेत. एका ठोंबापासून वर्षभरात अनेक होतात. झांशी येथे १९६२ साली स्थापन झालेली चारा-संशोधन संस्था, रायपूरचे कृषी विद्यापीठ यांसारख्या ठिकाणीही बियाण्याविषयी विचारणा करता येईल.

कापणी, आग आणि शेजार

वर्षातून एकच कापणी पुरते. तिची वेळ मात्र विचाराने ठरवावी. वाळलेले गवत हे ज्वलनशील असते. घराच्या भिंतीपासून व दारापासून निदान दोन मीटर अंतर सोडूनच उंच गवते लावावीत, आणि घराजवळचे ठोंब होळीपूर्वीच १० ते १५ सेंटिमीटर राखून कापावेत. दूरचे ठोंब ज्येष्ठापर्यंत उभे ठेवण्यास हरकत नाही. तोपर्यंत मुनिया त्यांचे बी टिपतात आणि वाळक्या कांड्यांत कीटकांची अंडी व कोश सुरक्षित राहतात. सुगरण पक्षी तर लांब पात्यांच्या चिरोट्यांनीच आपला खोपा विणतो. कापलेले गवत जाळू नये. ते झाडांच्या आळ्यांत पसरले म्हणजे माती गार राहते. ज्यांना परागकणांनी शिंका किंवा दम्याचा त्रास होतो, त्यांनी शयनगृहाच्या खिडकीखाली गवत लावू नये.

बाजारात मिळणाऱ्या परदेशी शोभेच्या गवतांविषयीही एक इशारा दिला पाहिजे. दक्षिण अमेरिकेतील पंपास गवत शोभेसाठी न्यूझीलंडमध्ये व कॅलिफोर्नियात नेले गेले आणि कुंपणाबाहेर पडून तेथील रानांत घुसले. गाजर गवत नावाने गवत असले तरी ते सूर्यफुलाच्या कुलातील रोप आहे. १९५५ च्या सुमारास पुण्यात त्याची नोंद झाली. आज ते देशभर पसरलेले आहे. जे पाहुणे एकदा आले की जात नाहीत, त्यांना बोलावण्यापूर्वी विचार केलेला बरा.

शाळांसाठी एक प्रयोग

कुसळीचे पिकलेले एक कुसळ घ्यावे. त्याचे टोकदार बूड शाडूच्या गोळ्यात उभे रोवावे आणि वरचे वाकलेले टोक घड्याळाच्या काट्यासारखे मोकळे ठेवावे. गोळ्याभोवती घड्याळाचे आकडे लिहिलेला कागद ठेवावा. आता कुसळाच्या पिळावर पाण्याचा एक थेंब सोडावा. पीळ उलगडू लागतो व काटा फिरतो. कुसळ वाळू दिले की काटा उलट दिशेने परत येतो. माळावर दिवसाची कोरड व रात्रीचे दव यांमुळे हीच क्रिया पुन्हा पुन्हा घडते आणि बी स्क्रूसारखे जमिनीत शिरते. पेरणी करणारा माणूस नसला तरी गवताचे काही अडत नाही, हे विद्यार्थ्यांस यावरून दिसेल.

तण आणि तृण

मराठीतील ‘तण’ हा शब्द संस्कृत ‘तृण’ शब्दापासून आला आहे. मूळचा अर्थ केवळ गवत. नकोसे रोप हा अर्थ शेतकऱ्याच्या गरजेने पुढे त्यास चिकटला. आपल्या देशात गवताळ माळांचीही पुष्कळदा तीच गत झाली. पडीक जमीन या सदरात त्यांची गणना झाली आणि त्यावर वसाहती, कारखाने किंवा वृक्षलागवड करण्यात कोणास काही गैर वाटले नाही. त्या माळांबरोबर त्यांवर जगणारे जीवही गेले. आपल्या भाषेत ज्या पक्ष्याचे नावच तणमोर आहे, तो आज अत्यंत धोक्यात आलेल्या पक्ष्यांत गणला जातो.

कुरुदच्या एका अंगणात तणमोर परत येणार नाही, हे उघड आहे. परंतु ज्या मुलाने मारवेलच्या पेरावरील लवेचे कडे पाहिले आहे, रोशाचे पाते चुरून हुंगले आहे आणि वैशाखातला वाळका फुटवा सोलून आतला ओला गाभा स्वतःच्या नखाला लागलेला अनुभवला आहे, ते मूल पुढे मोठे होऊन एखाद्या माळास सहजासहजी पडीक म्हणणार नाही. म्हणून वाचकांस एवढीच विनंती आहे की, येत्या उन्हाळ्यात अंगणातील वाळलेल्या ठोंबावर कुदळ घालण्यापूर्वी त्यांनी पावसाच्या पहिल्या दोन सरींची वाट पाहावी. आठ-दहा दिवसांत त्या पिवळ्या काड्यांच्या मधून हिरवे टोक वर आलेले दिसेल.